अ‍ॅक्रनचा फोन : बिल विल्सन यांची जीवनकथा

रविवारची शेवटची मिस्सा सुटते, मंडळी पांगतात आणि धर्मग्राम कार्यालयाच्या दाराशी कोणीतरी घुटमळत राहते. आतले शेवटचे माणूस बाहेर पडले की ती व्यक्ती आत येते आणि दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे भरते, असे हळू आवाजात विचारते. विचारणारी बहुधा बायको असते, कधी आई, क्वचित कॉलेजात जाणारा मुलगा. ज्याने विचारायला हवे तो बाहेर स्कूटरजवळ तरी उभा असतो, नाहीतर घरी झोपलेला असतो.

आम्ही त्या मीटिंगची सूचना ह्या पत्रिकेत अधूनमधून छापतो. दोन ओळींची सूचना असते, लग्नाच्या घोषणा आणि वर्षश्राद्धाच्या मिस्सा यांच्या मध्ये कुठेतरी. ती वाचून कोणी येते की नाही हे आम्हाला कळत नाही आणि कळू नये अशीच त्या मीटिंगची रीत आहे. पण ज्या माणसामुळे आज अशी सूचना छापता येते, त्याला स्वतःला मीटिंग शोधायची होती तेव्हा जगात एकही मीटिंग नव्हती. त्या माणसाची ही गोष्ट. त्याचे नाव बिल विल्सन. त्याने सुरू केलेल्या मंडळात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने ओळखतात, म्हणून आम्हीही त्याला एकेरीच म्हणणार आहोत. वाचकांनी तो अनादर समजू नये.

बिलचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ईस्ट डॉरसेट नावाच्या लहानशा गावात झाला. त्याची आजी तिथे एक हॉटेल चालवीत असे. त्या हॉटेलच्या बारमागच्या खोलीत तो जन्मला. पुढचे आयुष्य पाहता हा योग विलक्षणच म्हणायचा. बाप दगडखाणीच्या धंद्यात होता. बिल दहा वर्षांचा असताना तो घर सोडून निघून गेला. आईवडिलांचा घटस्फोट झाला, आई वैद्यकीय शिक्षणासाठी बोस्टनला गेली आणि बिल व त्याची धाकटी बहीण आजोळी वाढली. आजोबांनी एकदा सहज म्हटले की बूमरँग फक्त ऑस्ट्रेलियातल्या लोकांनाच बनवता येते. झाले, पोराने लाकूड तासायला घेतले. सहा महिने दुसरे काही केले नाही. शेवटी एक बूमरँग खरेच परत आले. सर्वांत पुढे असल्याशिवाय आपल्याला किंमत नाही, ही समजूत त्याच्या मनात तेव्हापासून घट्ट बसली. सतराव्या वर्षी ज्या मुलीवर त्याचा जीव होता, ती शस्त्रक्रियेनंतर अचानक वारली. त्यानंतर कित्येक महिने तो अंथरुणातून उठेना. उदासीचा तो आजार आयुष्यभर त्याच्याकडे येत-जात राहिला.

पहिले महायुद्ध सुरू होते. १९१७ मध्ये तोफखान्याचा तरुण अधिकारी म्हणून बिल मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावी होता. गावातली श्रीमंत घरे अधिकाऱ्यांना मेजवान्यांना बोलवीत. लाजाळू, उंच, हातापायांचे काय करावे हे न समजणारा हा खेडवळ मुलगा कोपऱ्यात उभा राही. तिथे त्याने पहिला पेला घेतला आणि एका क्षणात तो सर्वांसारखा झाला. बोलू लागला, हसू लागला. आपल्याकडेही लग्नाच्या मांडवात किंवा बाप्तिस्म्याच्या जेवणात एखाद्या बुजऱ्या पोराला आग्रहाने पहिला ग्लास दिला जातो आणि तो कसा खुलला याचे सगळ्यांना कौतुक वाटते. त्यातल्या बहुतेकांचे पुढे काही बिघडत नाही. एखाद्याचे बिघडते, आणि तो कोणता हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.

२४ जानेवारी १९१८ रोजी बिलचे लोईस बर्नहॅमशी लग्न झाले. ती ब्रुकलिनच्या एका डॉक्टरांची मुलगी. युद्धावरून परतल्यावर त्याने कायद्याचा अभ्यास केला. परीक्षेला मात्र तो धड शुद्धीवर नव्हता, पदवी राहून गेली. मग तो वॉल स्ट्रीटवर शिरला. १९२५ मध्ये साइडकार लावलेल्या मोटारसायकलवरून नवरा-बायको गावोगाव हिंडले. कारखान्यांची आतली हालत स्वतः पाहायची आणि मग त्यांचे शेअर घ्यावे की नाही हे कळवायचे, हे त्याचे काम. त्या काळी असे करणारे फार कोणी नव्हते. पैसा आला, भरपूर आला. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि पैसा गेला, दारू राहिली.

पुढची पाच वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो, कारण ती कशी असतात हे काही घरांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. सासऱ्याच्या घरी राहणे, बायकोने दुकानात नोकरी करून घर चालवणे, तिच्या पर्समधून पैसे काढणे, सकाळी हात थरथरणे, बायबलवर लिहून दिलेली वचने आणि ती मोडणे. लोईसचे तीन गर्भ गेले, त्यांना मूल झाले नाही. ती शेजाऱ्यांसमोर सांभाळून घेत राहिली. आपल्या प्रेमात काही कमी आहे म्हणून हा पितो, असे तिला वर्षानुवर्षे वाटत होते.

१९३३ आणि १९३४ मध्ये बिलला न्यूयॉर्कच्या टाउन्स इस्पितळात पुन्हा पुन्हा भरती करावे लागले. तिथले डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला एक वेगळीच गोष्ट सांगितली. तुझी इच्छाशक्ती कमी आहे किंवा तू वाईट माणूस आहेस असे नव्हे. तुझ्या शरीराची दारूला एक प्रकारची अ‍ॅलर्जी आहे, पहिला पेला पोटात गेला की थांबणे तुझ्या हातात राहत नाही, आणि तुझे मन मात्र तुला त्या पहिल्या पेल्याकडे पुन्हा पुन्हा नेते. आजचे वैद्यकशास्त्र हे वेगळ्या शब्दांत सांगते, पण व्यसन हा आजार आहे हे आता सर्वमान्य आहे. बिलला हे समजले. समजूनही तो प्यालाच. समजणे पुरेसे नसते, हे तो इथे शिकला.

नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर नावाचा जुना मित्र त्याला भेटायला आला. हा एबी बिलपेक्षाही अट्टल. बिलने त्याच्यापुढे पेला सरकवला, त्याने नको म्हटले. बिल चकित झाला. एबी ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका ख्रिस्ती मंडळात जाऊ लागला होता. तिथे आपल्या चुका दुसऱ्यापाशी कबूल करायच्या, ज्यांचे नुकसान केले त्यांना भरपाई द्यायची, प्रार्थना करायची आणि दुसऱ्याला मदत करायची, असा साधा क्रम होता. देव हा शब्द बिलच्या घशाखाली उतरत नव्हता. एबीने त्याला सुचवले की तुला देव जसा समजेल तसा मान, तेवढ्यावर सुरुवात कर.

११ डिसेंबरला बिल शेवटचा इस्पितळात गेला. तीन दिवसांनी, पूर्ण खचलेल्या अवस्थेत, त्याने देव असेल तर दाखव अशी आरोळी ठोकली, आणि आपली खोली प्रकाशाने भरून गेल्याचे व अंगावरून वारा वाहिल्याचे त्याला जाणवले. इस्पितळात दिल्या जाणाऱ्या औषधांनी भास होऊ शकत, असे काही अभ्यासक म्हणतात. तो वाद आम्ही सोडवू शकत नाही. डॉक्टर सिल्कवर्थ यांनी मात्र, जे काही झाले आहे ते धरून ठेव, एवढेच त्याला सांगितले. बिल तेव्हा ३९ वर्षांचा होता. त्यानंतर तो पुन्हा कधी प्यायला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर आमच्या पत्रिकेला ती छापण्याचे कारण नव्हते. प्रकाश दिसलेले पुष्कळ असतात. बिल त्या प्रकाशाचे वर्णन करीत न्यूयॉर्कच्या दारुड्यांमागे धावू लागला. घरी आणून जेवू घालायचा, उपदेश करायचा. पाच महिने झाले, एकाही माणसाची दारू सुटली नाही. तो निराश झाला तेव्हा लोईसने त्याच्या लक्षात आणून दिले की एकाची सुटली आहे, त्याची स्वतःची. आणि सिल्कवर्थ यांनी बजावले की उपदेश बंद कर, आधी आजाराची हकिगत सांग.

मे १९३५. एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या कामासाठी बिल ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात आला होता. काम फसले. साथीदार निघून गेले. शनिवारची दुपार, मेफ्लॉवर हॉटेल, खिशात जेमतेम दहाएक डॉलर. लॉबीच्या एका टोकाला बार. आतून हसण्याचे आवाज येत होते. एक पेला घ्यावा, कोणाशी तरी बोलावे, एवढेच त्याच्या मनात आले आणि तो घाबरला. लॉबीच्या दुसऱ्या बाजूला शहरातल्या चर्चची यादी लावलेली होती आणि जवळच टेलिफोन. त्याने यादीतले एक नाव निवडले. ते होते एपिस्कोपल पंथाचे पाळक वॉल्टर टंक्स. अनोळखी माणसाचा फोन, तोही असा चमत्कारिक : मी दारुडा आहे, मला दारू प्यायची नाही, म्हणून मला दुसऱ्या एका दारुड्याशी बोलायचे आहे. टंक्स यांनी फोन ठेवला नाही. त्यांनी साधारण दहा नावे दिली. बिल एकेक नंबर फिरवीत गेला. कोणी घरी नव्हते, कोणाला वेळ नव्हता. नावे संपत आली तेव्हा हेन्रिएटा सायबर्लिंग नावाच्या बाईंपर्यंत तो पोचला. त्या स्वतः पिणाऱ्यांपैकी नव्हत्या, पण एका पिणाऱ्या डॉक्टरसाठी त्या बरेच दिवस प्रार्थना करीत होत्या.

ते डॉक्टर म्हणजे रॉबर्ट स्मिथ, पुढे साऱ्या जगात डॉक्टर बॉब म्हणून ओळखले गेलेले शल्यचिकित्सक. त्या शनिवारी ते भेटण्याच्या स्थितीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मातृदिन होता. त्यांनी पत्नी अ‍ॅनसाठी एक कुंडी आणली होती आणि स्वतः टेबलाखाली पडले होते. १२ मे, रविवार, संध्याकाळी पाच वाजता ते सायबर्लिंगबाईंच्या घरी आले. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही, असे त्यांनी पत्नीकडून आधीच कबूल करून घेतले होते. दोघे एका लहान खोलीत बसले. बिलने उपदेश केला नाही, फक्त आपली हकिगत सांगितली. डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस पाहिला की ज्याला दारूविषयी पुस्तकातून नव्हे तर स्वतःच्या हाडांतून माहिती होती. ते सहा तासांनी उठले.

आम्हाला ह्या प्रसंगात त्या दोघांइतकेच पाळक टंक्सही महत्त्वाचे वाटतात. ते शनिवारी कामात असतील, प्रवचन तयार करीत असतील. फोनवरच्या माणसाला सोमवारी कार्यालयात या असे ते सहज सांगू शकले असते. आपल्या कार्यालयाच्या दाराशी घुटमळणाऱ्यांना आम्ही कधी काय सांगितले, हे आठवून आम्हाला फार बरे वाटत नाही.

डॉक्टर बॉब एकदा घसरले. एका परिषदेला म्हणून गेले आणि पिऊन परतले. त्यांचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा मानला जातो आणि तोच ए.ए.चा, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, स्थापना दिवस. बिल तो उन्हाळा त्यांच्याच घरी राहिला. सकाळी अ‍ॅन दोघांना बायबल वाचून दाखवीत. डोंगरावरील प्रवचन, याकोबाचे पत्र आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय, ही त्यांची नेहमीची वाचने. मग दोघे तिसरा माणूस शोधायला निघाले. शहरातल्या इस्पितळात नर्सना मारहाण केलेला, पलंगाला बांधून ठेवलेला एक वकील त्यांना सापडला. तो बरा झाला. दोनाचे तीन झाले. १९३७ च्या अखेरीस त्यांनी मोजले तेव्हा न्यूयॉर्क आणि अ‍ॅक्रन मिळून चाळीसएक माणसे टिकून होती. अडीच वर्षांत चाळीस.

नंतर पुस्तक लिहायचे ठरले. १९३८ च्या शेवटी बिलने त्यासाठी बारा पायऱ्या लिहिल्या आणि एप्रिल १९३९ मध्ये पुस्तक निघाले. दारूपुढे आपले काही चालत नाही हे मान्य करणे ही पहिली पायरी. पाचवीत आपल्या चुकांचे नेमके स्वरूप देवापाशी, स्वतःपाशी आणि दुसऱ्या एका माणसापाशी कबूल करायचे असते. आठवी-नववीत ज्यांना दुखावले त्यांची यादी करून भरपाई करायची. बारावीत हा निरोप दुसऱ्या मद्यपीपर्यंत न्यायचा. देव कोणता, यावर मंडळींत कडाक्याचे वाद झाले. काहींना ख्रिस्ताचे नाव हवे होते, काहींना देव हा शब्दच नको होता. शेवटी ज्याला जसा देव समजला तसा, असे ठरले. त्यामुळे पुढे हिंदू, मुसलमान, बौद्ध आणि नास्तिकसुद्धा एकाच खोलीत बसू शकले.

त्याच वर्षी कॅथोलिकांचा संबंध आला, तो आधी अडचण म्हणून. क्लीव्हलँडहून दर आठवड्याला अ‍ॅक्रनला येणाऱ्यांत बरेच कॅथोलिक होते. ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये सर्वांसमक्ष पापांची कबुली देण्याची पद्धत होती. ती त्यांच्या धर्मगुरूंना मान्य नव्हती. म्हणून मे १९३९ मध्ये क्लीव्हलँडच्या मंडळींनी वेगळी मीटिंग सुरू केली आणि तिला पुस्तकाचेच नाव दिले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ह्या नावाने भरलेली ती पहिली मीटिंग. त्याच ऑगस्टमध्ये अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात सिस्टर इग्नेशिया ह्या आयरिश वंशाच्या धर्मभगिनीने डॉक्टर बॉबच्या एका दारुड्या रुग्णाला पोटाच्या विकाराच्या नावाखाली भरती करून घेतले, कारण दारुड्यांना इस्पितळे घेत नसत. त्याला ठेवले फुले रचण्याच्या खोलीत. पुढे त्या दोघांनी मिळून हजारो रुग्ण पाहिले. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला सिस्टर येशूच्या पवित्र हृदयाचा एक बिल्ला देत आणि अट घालीत : पहिला पेला घेण्यापूर्वी हा मला परत आणून द्यायचा.

बिलचे स्वतःचे दिवस तेव्हा फार वाईट होते. १९३९ मध्ये घर गेले. नवरा-बायको दोन वर्षे ह्याच्या-त्याच्या घरी राहिली. १९४० च्या अखेरीस ती न्यूयॉर्कमध्ये ए.ए.च्या क्लबच्या माडीवरच्या लहान खोलीत होती. एका पावसाळी रात्री काठी टेकत, लंगडत एक माणूस जिना चढून आला. बिलला वाटले, आणखी एक दारुडा. त्याने कोट काढला तेव्हा गळ्यातली धर्मगुरूची पांढरी पट्टी दिसली. ते सेंट लुईसचे येशूसंघीय फादर एड डाउलिंग. बारा पायऱ्या आणि संत इग्नेशियस यांची आध्यात्मिक साधना यांत इतके साम्य कसे, हे विचारायला ते एवढ्या लांबून आले होते. बिलने संत इग्नेशियस यांचे काही वाचलेले नव्हते. त्या रात्री बिलने त्या अनोळखी धर्मगुरूपाशी सारे मन मोकळे केले. आपली पाचवी पायरी आपण त्या रात्री केली, असे तो मानीत असे. फादर १९६० मध्ये वारले, तोवर ते त्याचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. पुढे बिलने मोन्सिन्योर फुल्टन शीन यांच्याकडे कॅथोलिक धर्मशिक्षणाचे पाठही घेतले. तो कॅथोलिक झाला नाही. झाला असता तर आम्हाला आनंद झाला असता, पण ए.ए.चे काय झाले असते कोण जाणे.

मार्च १९४१ मध्ये एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकात लेख आला आणि दोन हजारांचे सभासद वर्षअखेर आठ हजारांवर गेले. पैसा, मानसन्मान दारात येऊ लागले. सर्वांत पुढे असल्याशिवाय किंमत नाही असे मानणाऱ्या ह्या माणसाने मग स्वतःलाच बांधून घेणारे नियम लिहिले : बाहेरच्यांकडून देणगी नको, मालमत्ता नको, कोणी अधिकारी नको, वर्तमानपत्रात नाव नको. १९५४ मध्ये येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी त्याने नाकारली. ती नाकारताना त्याला किती जड गेले असेल!

तो संत नव्हता. दारू सुटल्यावरही उदासीने त्याला अनेक वर्षे ग्रासले. पत्नीशी तो नेहमी एकनिष्ठ राहिला नाही, असे चरित्रकार लिहितात. सिगारेट त्याने फार उशिरा सोडली, आणि फुप्फुसांच्या आजारानेच २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, मायामीत त्याचे निधन झाले. शेवटच्या आठवड्यांत त्याने नर्सकडे व्हिस्की मागितल्याच्या नोंदी आहेत. ती त्याला दिली गेली नाही. छत्तीस वर्षांनंतरही ती तहान तिथेच होती. हे वाचून कोणाला धक्का बसेल, ए.ए.मधल्या माणसांना बसत नाही. ते म्हणूनच आजच्या एका दिवसापुरते बोलतात.

लोईसची गोष्टही सांगायला हवी. बिल सुधारल्यावर एका संध्याकाळी मीटिंगला उशीर होतोय म्हणून त्याने घाई केली, तेव्हा तिने हातातला बूट त्याच्याकडे भिरकावला आणि मीटिंगच्या नावाने खडे फोडले. सतरा वर्षे जे तिच्या प्रेमाला जमले नाही ते परक्या दारुड्यांना जमले होते, आणि ह्याची तिला आग होती. आपणही आजारी पडलो आहोत हे तिने त्या बुटापासून ओळखले. त्यातून १९५१ मध्ये मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन उभे राहिले. कार्यालयाच्या दाराशी येणाऱ्या आमच्या भगिनींनी हे लक्षात घ्यावे : नवरा यायला तयार नसला तरी तुम्हाला जाता येते.

भारतात ए.ए.ची सुरुवात १९५७ मध्ये झाली. आपल्या मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण. ही राहून उपचार घेण्याची केंद्रे. ए.ए.ची मीटिंग वेगळी असते. शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये तासा-दीड तासापुरती, खुर्च्या मांडून. फी नाही, फॉर्म नाही. पूर्ण नाव विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पहिल्या दिवशी काही न बोलता नुसते बसलात तरी चालते. खुल्या मीटिंगला घरच्यांनाही बसता येते, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. स्त्रियांनाही तेवढेच स्थान आहे, आणि त्यांना तिथवर येणे पुरुषांपेक्षा अवघड जाते हे आम्हाला माहीत आहे. एक मात्र जरूर सांगतो : जो रोज भरपूर पितो त्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. झटके येतात, भास होतात, जिवावर बेतू शकते. आणि पहिल्या मीटिंगमध्ये मन रमले नाही तर दुसऱ्या ठिकाणची पाहावी. बिललाही सगळे नंबर फिरवावे लागले होते.

यापुढे ही सूचना पहिल्या पानावर, मिस्सांच्या वेळांखाली छापायचे आम्ही ठरवले आहे. ज्यांना कार्यालयात यायला संकोच वाटतो त्यांनी सूचना कापून खिशात ठेवावी.

बिलला ईस्ट डॉरसेटच्या दफनभूमीत पुरले आहे. साधा दगड आहे, त्यावर ए.ए.चा उल्लेख नाही. लोक दुरून येतात आणि आपापल्या वर्षांची पदके त्या दगडापाशी ठेवून जातात. त्याच गावातले त्याच्या आजीचे हॉटेल पुढे दुरुस्त करण्यात आले, आणि जिथे तो बारमागे जन्मला त्या घरात ए.ए.च्या मीटिंगा भरू लागल्या.